ओपीडीची स्मरणशक्ती

केनियाच्या पश्चिम भागात, एल्डोरेट शहराच्या दक्षिणेला, मोसोरियोट नावाचे एक ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. 2001 सालापूर्वी तिथे आलेल्या रुग्णाचे नाव एकाच भेटीत पुन्हा पुन्हा लिहिले जाई. प्रत्येक विभागाचे स्वतंत्र रजिस्टर असे. नर्स आपल्या रजिस्टरात लिही, रुग्ण पुढच्या खोलीत गेला की तिथला कर्मचारी तेच नाव, तेच वय, तेच गाव आपल्या रजिस्टरात उतरवून घेई. लिहिण्यात कोणी कसूर करत नव्हते. तरीही तोच रुग्ण महिन्याभराने परत आला की मागच्या वेळी त्याला काय झाले होते आणि कोणते औषध दिले होते, हे शोधणे जवळपास अशक्य असे. रजिस्टरे तारखेच्या क्रमाने भरलेली होती. माणसाच्या क्रमाने काहीच लिहिलेले नव्हते.

आपल्याकडच्या जुन्या दुकानदारांना हा फरक चांगला ठाऊक होता. ते दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत लिहीत आणि मग खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्यावर उतरवून ठेवत. कोणाकडे किती येणे आहे, हे खतावणीत दिसे. मोसोरियोटला रोजकीर्दी भरपूर होत्या, खतावणी नव्हती. बाह्यरुग्ण विभागातील संगणकीय नोंद म्हणजे मुळात ही खतावणी आपोआप तयार करून देणारी व्यवस्था.

ही गरज ओपीडीतच इतकी तीव्र का, हे आधी समजून घेतले पाहिजे. वॉर्डातला रुग्ण खाटेवर असतो. त्याची फाइल जवळ असते, नातेवाईक उशाशी असतात, कालची नर्स आज पुन्हा येते. एखादी गोष्ट विसरली तर संध्याकाळच्या फेरीत विचारता येते. ओपीडीतला रुग्ण काही मिनिटांसाठी समोर येतो आणि निघून जातो. पुढच्या खेपेला त्याला वेगळा डॉक्टर तपासतो. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, गरोदरपण, एचआयव्ही यांची काळजी महिनोन् महिने, कधी आयुष्यभर, अशा तुटक भेटींतूनच घ्यायची असते. आजचा रक्तदाब 150 आला, याचा अर्थ मागच्या तीन भेटींतले आकडे पाहिल्याशिवाय लागत नाही. ते 180 वरून उतरत आले असतील तर औषध लागू पडते आहे. 130 वरून चढत आले असतील तर काहीतरी बिनसले आहे. वैद्यकीय निर्णयाचा अर्धा भाग भूतकाळात असतो आणि ओपीडीत तो भूतकाळ हाताशी नसतो.

मोसोरियोटला फेब्रुवारी 2001 मध्ये जी व्यवस्था सुरू झाली, ती पाहून आजच्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस कदाचित नाक मुरडेल. मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस हे साधे डेटाबेस सॉफ्टवेअर, मोजके संगणक आणि वीज गेली तर तगून राहण्यासाठी एकापेक्षा जास्त पर्यायी सोयी. तपासणाऱ्याच्या टेबलावर संगणक ठेवलाच नव्हता. रुग्णाबरोबर एक छापील फॉर्म फिरे. ज्याने त्याने त्यात आपला भाग भरायचा, आणि शेवटी तो फॉर्म संगणकात चढवायचा. विभागाविभागांतली रजिस्टरे बंद झाली, कारण त्यांतले सगळे त्या एका फॉर्मवर आले होते. पहिल्या सहा महिन्यांत 6,190 रुग्णांच्या 10,000 भेटी नोंदल्या गेल्या. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवता येणे हीच तिथली मोठी घटना होती. आलेली माणसे आणि झालेल्या भेटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रजिस्टरांतून कधी मोजता आले नसते.

इंडियाना विद्यापीठ आणि एल्डोरेटचे मोई विद्यापीठ यांच्या भागीदारीतून हे काम उभे राहिले होते. संशोधकांनी घड्याळ लावून आधीचा आणि नंतरचा वेळ मोजला. रुग्णाच्या केंद्रातल्या एकूण भेटीचा वेळ 22 टक्क्यांनी कमी झाला. तपासणाऱ्यांसमोर जाणारा वेळ 58 टक्क्यांनी घटला. वाट पाहण्याचा वेळही 38 टक्क्यांनी कमी झाला, मात्र हा फरक निव्वळ योगायोगाचा नसेल असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर ठामपणे म्हणता येत नव्हते. आणि कर्मचाऱ्यांचा वाचलेला वेळ? ते रुग्णांशी बोलण्यात आधीपेक्षा निम्माच वेळ घालवू लागले आणि स्वतःच्या खासगी गोष्टींना अधिक वेळ देऊ लागले.

हा शेवटचा निष्कर्ष संशोधकांनी लपवला नाही, याचे मला फार मोल वाटते. तपासणाऱ्यांसमोरचा वेळ घटला त्यात रजिस्टरे भरण्याचा वेळ बराच असणार, त्यामुळे रुग्णाचे नुकसानच झाले असे म्हणता येत नाही. पण संगणकाने वेळ वाचवला म्हणजे तो रुग्णाला मिळालाच, हे गृहीत धरण्याची सवय त्या आकड्यांनी मोडायला हवी. वाचलेल्या वेळाचे काय करायचे, हे केंद्र चालवणाऱ्यांनी ठरवावे लागते. ते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.

मोसोरियोटच्या त्या कागदी फॉर्मची वंशावळ अमेरिकेत इंडियानापोलिसला जाते. सॅम रेगनस्ट्रिफ हे इंडियाना राज्यातले भांडी धुण्याच्या यंत्रांचे मोठे कारखानदार. कारखान्यात जी शिस्त आणि कार्यक्षमता येते ती रुग्णसेवेत का येऊ नये, या ध्यासातून 1969 मध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्था सुरू झाली. तिथे क्लेमंट मॅकडोनाल्ड या डॉक्टरांनी 1972 मध्ये मधुमेहाच्या ओपीडीतले अवघे 35 रुग्ण घेऊन संगणकीय नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये ऑक्टो बार्नेट यांचा गटही बाह्यरुग्णांच्या नोंदींसाठी अशीच व्यवस्था उभारत होता. दोन्हीकडे डॉक्टर कागदावर लिहीत आणि मजकूर संगणकात चढवण्याचे काम दुसरे कोणी करी. टेबलावर पडदा ठेवणे तेव्हा परवडणारे नव्हते, हे एक कारण. पण त्या मर्यादेतून एक चांगली गोष्ट निघाली: रुग्ण येण्याआधी संगणकाने त्याचा गोषवारा छापून ठेवायचा आणि डॉक्टरच्या हाती द्यायचा.

मॅकडोनाल्ड यांनी पुढचे पाऊल टाकले. गोषवारा छापताना संगणकाने काही नियम तपासून सूचनाही छापाव्यात: अमुक औषध चालू आहे, तेव्हा रक्तातले पोटॅशियम तपासा; साखर चढलेली आहे, तेव्हा मात्रेचा विचार करा. हा प्रयोग 9 डॉक्टरांवर केला आणि 1976 मध्ये प्रसिद्ध केला. सूचना छापलेली असताना डॉक्टरांनी 51 टक्के प्रसंगी योग्य ती कृती केली होती, सूचना नसताना 22 टक्के प्रसंगी. डॉक्टर तेच होते आणि त्यांचे ज्ञानही तेच. मॅकडोनाल्ड यांनी काढलेला निष्कर्ष डॉक्टरांना दोष देणारा नव्हता. थोड्या वेळात माणसापुढे इतकी माहिती येते की तो कितीही हुशार असला तरी त्यातले काही निसटणारच, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे डॉक्टरला आणखी शिकवून हा प्रश्न सुटत नाही, नेमक्या वेळी आठवण करून द्यावी लागते. मला वाटते, संगणकीय नोंदींच्या सगळ्या इतिहासात याहून महत्त्वाचा शोध लागलेला नाही. नोंद साठवणे ही पहिली पायरी. ती नोंद लिहिणाऱ्याकडेच योग्य क्षणी परत येणे, हे खरे काम.

आता पुन्हा एल्डोरेटला येऊ. 2001 च्या अखेरीस तिथल्या भागीदारीने एचआयव्हीवरील उपचारांचा कार्यक्रम सुरू केला. रुग्णसंख्या झपाट्याने वाढू लागली आणि साधा डेटाबेस अपुरा पडला. अडचण केवळ संख्येची नव्हती. एचआयव्हीच्या उपचारात नवी औषधे येत होती, नव्या तपासण्या येत होत्या, फॉर्म बदलत होते. दर नव्या प्रश्नासाठी डेटाबेसमध्ये नवा रकाना उघडायचा, म्हणजे दर वेळी प्रोग्रॅमरला बोलवायचे. 2004 मध्ये बर्क मॅमलिन आणि पॉल बायाँडिच हे दोघे डॉक्टर एल्डोरेटला आले आणि त्यांनी रचनाच पालटली. बॉस्टनच्या ‘पार्टनर्स इन हेल्थ’चे हॅमिश फ्रेझर आणि दक्षिण आफ्रिकेतले ख्रिस सीब्रेग्ट्स यांच्या सोबतीने त्यातून ‘ओपनएमआरएस’ हे मुक्त सॉफ्टवेअर घडले. ते कोणीही फुकट घ्यावे, आपल्या गरजेप्रमाणे बदलावे. आज 40 हून अधिक देशांत ते वापरात आहे.

त्याच्या पोटात एक कोश आहे. ‘वजन’, ‘ताप आहे का’, ‘सीडी4 पेशींची संख्या’ (एचआयव्हीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाखवणारा आकडा) अशी प्रत्येक गोष्ट त्या कोशात एक नोंद असते. नवी तपासणी सुरू झाली की कोशात एका नोंदीची भर घालायची. बाकी रचनेला हात लावायचा नाही. हे काम प्रोग्रॅमरशिवाय, तिथलाच प्रशिक्षित माणूस करू शकतो. आकड्याच्या नोंदीला किमान आणि कमाल मर्यादाही घालता येतात. त्यामुळे 60 किलोच्या जागी चुकून 600 टाइप झाले तर ते आत शिरतच नाही.

या रचनेतल्या काही बारीकसारीक गोष्टी पाहिल्या की कळते, ती ओपीडीत उभे राहून विचार केलेल्या माणसांनी केली आहे. जन्मतारखेच्या शेजारी ‘ही तारीख अंदाजे आहे’ अशी खूण करण्याची सोय आहे. ज्या आजीबाईंना आपले वय ठाऊक नाही त्यांच्या नावापुढे संगणक 1 जानेवारी छापून मोकळा होतो, आणि पुढे कोणीतरी ती खरी मानतो. त्या एका खुणेने हा घोटाळा टळतो. चुकीची नोंद पुसली जात नाही, ती रद्द ठरवली जाते: कोणी रद्द केली, केव्हा, कशासाठी, हे मागे राहते. कागदावर डॉक्टर एक रेघ मारून सही करतात, तशीच ही शिस्त.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र ओळखीचा. समोर आलेला माणूस मागच्या वेळचाच आहे, हे कशावरून? मोसोरियोटच्या परिसरातले नांदी लोक कालेनजिन समाजाचे. त्यांच्यात मुलाचे नाव बहुधा जन्माच्या वेळेवरून किंवा प्रसंगावरून पडते. पहाटे जन्मला तो किपकोएच, तिन्हीसांजेनंतर जन्मला तो किपलागट. साहजिकच एका गावात एका नावाची कितीतरी माणसे. आपल्याकडे गुंता निराळा, पण कमी नाही. लग्नानंतर बाईचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कधी पहिले नावही बदलते. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. केस पेपर एका नावाने, रेशन कार्ड दुसऱ्या. नावावर विसंबलो तर एकाच बाईची तीन खाती उघडतात, किंवा दोन बाया एका खात्यात शिरतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा घातक, कारण एकीची ॲलर्जी दुसरीच्या नावावर लागते.

म्हणून रुग्णाला क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक लिहिताना माणूस चुकतो, म्हणून त्याच्या शेवटी एक ताळ्याचा अंक जोडतात. ही युक्ती आयबीएममधले हान्स पीटर लून यांची, 1950 च्या दशकातली. क्रमांक 2471 घ्या. उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट करायचा (दुप्पट दोन अंकी झाली तर तिच्यातले अंक मिळवायचे): 1 चे 2, 7 तसाच, 4 चे 8, 2 तसाच. बेरीज 19. पुढच्या पूर्ण दशकाला 1 कमी, म्हणून ताळ्याचा अंक 1 आणि पूर्ण क्रमांक 2471-1. आता कोणी घाईत 4271-1 लिहिले तर बेरीज 17 येते, ताळ्याला 3 हवा, तिथे 1 आहे. संगणक तिथेच अडवतो. कोणताही एक अंक चुकला तर ही पद्धत ते नेमके पकडते. शेजारचे अंक उलटसुलट झाले तरी पकडते, फक्त 0 आणि 9 ची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. ओपनएमआरएसमध्ये ती वापरता येते. इतक्या साध्या गणिताने एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या खात्यावर जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

एल्डोरेटच्या एचआयव्ही ओपीडींत मार्टिन वेरे या केनियन डॉक्टरांनी मॅकडोनाल्ड यांच्या जुन्या प्रयोगाचे सूत्र पुढे नेले. रुग्णाचा छापील गोषवारा, आणि त्यावर संगणकाची सूचना: सीडी4 तपासणीची मुदत उलटली आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सूचना मिळणाऱ्या ओपीडीत मुदत उलटलेल्या रुग्णांपैकी 53 टक्क्यांना तपासणी सांगितली गेली, सूचना नसलेल्या ओपीडीत 38 टक्क्यांना. दोन वर्षांनी मुलांच्या ओपीडीतला अभ्यास आला. तिथे राहून गेलेली कामे पूर्ण होण्याचे प्रमाण सूचनेमुळे 18 टक्क्यांवरून 68 टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. इंडियानापोलिसच्या मधुमेहाच्या ओपीडीत आणि केनियातल्या मुलांच्या ओपीडीत माणसाचे विसरणे सारखेच आहे, आणि त्यावरचा उपायही.

ज्या देशात या विचाराचा उगम झाला तिथे मात्र पुढे वेगळेच घडले. 2009 च्या कायद्याने अमेरिकेत संगणकीय नोंदींसाठी सरकारी पैसा ओतला गेला आणि काही वर्षांतच बहुतेक दवाखान्यांत त्या आल्या. पण तोवर नोंदीवर विमा कंपनीचे बिल, दर्जाचे अहवाल, कायदेशीर बचाव अशी अनेक ओझी लादली गेली होती, आणि लिहिण्याचे काम थेट डॉक्टरकडे आले होते. विस्कॉन्सिनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या 2017 च्या एका अभ्यासात दिवसाच्या सुमारे 11.4 तासांच्या कामापैकी 5.9 तास संगणकीय नोंदींत जात असल्याचे आढळले. त्यातला काही वेळ घरी गेल्यावरचा. रुग्ण बोलतो आहे आणि डॉक्टरची नजर पडद्यावर आहे, ही तक्रार तिथे आता सार्वत्रिक आहे. तंत्रज्ञान मोसोरियोटपेक्षा कितीतरी प्रगत, पण नोंद जो लिहितो त्याच्या कामी ती फारशी येत नाही. कोणत्याही ओपीडीत संगणक बसवताना मी हीच कसोटी लावेन: जी नर्स, जो डॉक्टर, जो क्लार्क ही माहिती भरतो, त्याला त्यातून आपल्या कामापुरते काय परत मिळते? उत्तर ‘काही नाही’ असेल तर माहिती भरली जाईल, पण खोटी, अर्धवट किंवा शनिवारी एकगठ्ठा.

भारतात या कुळातले सर्वांत परिचित काम छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारी गावातून पुढे आले. तिथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही डॉक्टरांनी उभी केलेली संस्था आदिवासी आणि ग्रामीण रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. त्यांच्या गरजेतून थॉटवर्क्स या कंपनीने ‘बाहमनी’ ही व्यवस्था घडवली. ओपनएमआरएसमधली रुग्णनोंद, प्रयोगशाळेसाठी एक मुक्त सॉफ्टवेअर, आणि औषधसाठा व बिलांसाठी तिसरे, अशी तीन तयार साधने तिने एकत्र जोडली. लांबून आलेल्या रुग्णाला तपासणीचा निकाल हातात पडायला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला लावणे म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी बुडवणे. प्रयोगशाळेत आकडा भरला की तो तपासणाऱ्या डॉक्टरला त्याच क्षणी दिसणे, याची किंमत तिथे रुपयांत मोजता येते.

सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने सप्टेंबर 2021 पासून देशभर 14 अंकी ‘आभा’ क्रमांक द्यायला सुरुवात केली. सरकारी ओपीडीतल्या खिडकीवर लावलेला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप पोचतो आणि टोकन मिळते. केस पेपरच्या रांगेत तासभर उभे राहणाऱ्यांची यात खरीच सोय आहे. पण केस पेपर चटकन निघणे आणि मागच्या केस पेपरात काय लिहिले होते ते दिसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी होण्यासाठी प्रत्येक दवाखान्याने नोंद जोडण्याजोग्या रूपात ठेवावी लागते. बीडहून ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात गेलेल्या गरोदर बाईची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात राहते आणि ती बाई पाचव्या महिन्यात फडावर असते. तिच्यासाठी आज सर्वांत भरवशाची नोंद म्हणजे तिच्या पिशवीतले माता-बाल संरक्षण कार्ड. ते रद्द करून मोबाइलवर सगळे मिळेल असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही. दोन्ही बरोबर चालावीत, हेच इष्ट.

खासगी दवाखान्यांबाबत आणखी एक गोष्ट. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीने आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपण्याचे आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत देण्याचे बंधन घातले. बाह्यरुग्णांसाठी तीन वर्षांच्या त्या कलमात तसा उल्लेख नाही. त्यामुळे ओपीडीची नोंद डॉक्टरच्या इच्छेवर राहिली. आता अनेक डॉक्टर मासिक वर्गणीची सॉफ्टवेअरे घेतात, आणि विकणारा माणूस पडद्यावरचे तक्ते दाखवतो तेव्हा एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: उद्या ही वर्गणी बंद केली तर माझ्या सगळ्या रुग्णांच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा रूपात मला मिळतील का? ‘पीडीएफ देऊ’ हे उत्तर पुरेसे नाही. दहा वर्षांच्या रक्तदाबाचे आकडे पीडीएफच्या ढिगात अडकले की ते पुन्हा कागदच होतात, कोणतीही सूचना त्यांतून निघत नाही. हा प्रश्न करारावर सही करण्याआधी, लेखी विचारावा, आणि चार-पाच रुग्णांच्या नोंदी समोर बाहेर काढून दाखवायला सांगावे.